कानावर पडलेला फोकस

व्हायोलिनबाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा पडदेवालीच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिला "या, बसा" म्हणता आलं नाही. पुढे हे तिने मनात कितीतरी वेळा घोळवलं. टाचण्या नसत्या तर आपणच आधी बोललो असतो, चार शब्दांत बाईंची बोळवण केली असती, आणि ती लेन्स नवऱ्याच्या हातात पडलीच नसती. पण तोंड बंद होतं आणि नवरा रिकामा होता.

दुकान पुढे, घर मागे. पुढच्या खोलीत ती पडदे शिवायची. मागच्या खोलीत नवऱ्याचं टेबल होतं. दातांच्या कवळ्या करण्यात त्याचा जन्म गेला होता. काम सुटलं तरी बारीक कानशी, ब्रश, चिमटे आणि डोळ्याला लावायचं भिंग एवढं सगळं तो बरोबर घरी घेऊन आला. गल्लीत त्याला अजून कवळीवालाच म्हणत. दातांच्या खालोखाल त्याला एकाच गोष्टीचं वेड होतं, ते म्हणजे फोटो. रिळाचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा होता त्याच्याकडे आणि तीन लेन्स, पस्तीस, पन्नास आणि नव्वद मिलिमीटरच्या.

त्या कॅमेऱ्याची गंमत अशी की त्यात लेन्समधून दिसतच नाही. शेजारच्या लहानशा खिडकीतून बघायचं. मधोमध एक फिकट चौकोन असतो, त्यात समोरच्या माणसाची दोन चित्रं दिसतात, एकाला दोन नाकं, चार डोळे. लेन्स फिरवत फिरवत दोन्ही चित्रं एकावर एक आणली की फोकस जुळला. लेन्सच्या मनात काय आहे ते मात्र फोटो धुतल्यावरच कळतं. "लग्नासारखंच आहे," असं कवळीवाला म्हणायचा, आणि पडदेवाली दर वेळी "कुणाच्या?" असं विचारायची.

लेन्सला स्वभाव असतो यावर त्याची श्रद्धा होती. पस्तीसची लेन्स म्हणजे धाकटा दीर. कुठेही न्या, अडचणीत मावतो, कुणाशी भांडत नाही, पण कुणात जीवही अडकवत नाही. पन्नासची म्हणजे नणंद. खरं बोलते, आणि जरा जास्तच खरं बोलते. गालावरचा एक वांग सोडणार नाही. नव्वदची म्हणजे लांब राहणारी मावशी, दुरूनच विचारपूस करून चेहरा जवळ ओढणारी. हे ऐकून पडदेवालीला हसू यायचं. तिच्या लेखी लेन्स म्हणजे कापड. पस्तीसची मांजरपाट, पन्नासची कडक इस्त्रीचं पॉपलिन. दोघांचे शब्द वेगळे, पण बोलणं जुळायचं.

तर व्हायोलिनबाई आल्या. वरच्या मजल्यावर राहायच्या, मुलांना व्हायोलिन शिकवायच्या. पांढरे केस आखूड कापलेले, कानात एकेक बारीक मोती. यजमान जाऊन फार काळ झाला नव्हता. त्यांनी पिशवीतून मऊ फडक्यात गुंडाळलेली एक लेन्स काढली.

"भाऊ, ही माझ्या यजमानांची. आत धुकं बसलंय म्हणतात. तुमच्याकडे दातांची बारीक हत्यारं आहेत ना, साफ होईल का बघा. कॅमेरा केव्हाच मोडला, हीच तेवढी राहिलीय."

कवळीवाल्याने लेन्स हातात घेतली. जुनी, पन्नासचीच, पण तोंड केवढं मोठं! कडेचा मुलामा बोटांनी झिजून खालचं पितळ वर आलेलं. त्याने ती उजेडासमोर धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि तशीच धरून उभा राहिला. पडदेवालीने टाचण्या काढून ठेवल्या. नवरा असा गप्प झालेला तिने कधी बघितला नव्हता.

लेन्स त्याने खोलली, पुसली, पुन्हा बसवली. बाई परत आल्या तेव्हा म्हणाला, "साफ झाली. पण फोटो काढल्याशिवाय खात्री नाही. चाचणी घ्यावी लागेल."

चाचणी म्हटल्यावर पडदेवाली मशीनवरून उठली. आजवरच्या प्रत्येक लेन्सच्या प्रत्येक चाचणीला तीच बसली होती. मागे चौकटीचं कापड, बाजूला काचेची बरणी आणि मध्ये ती. उठता उठता तिने केसांवरून हातही फिरवला.

"मग माझाच काढा ना," बाई म्हणाल्या. "ह्या लेन्सला माझी सवय आहे. आणि वर माझ्याकडे उत्तरेची खिडकी आहे, दिवसभर उजेड हलत नाही."

कवळीवाल्याने बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. कॅमेरा गळ्यात अडकवला आणि जिना चढून गेला. पडदेवाली उभीच होती. मग तिने केस पुन्हा होते तसे करून टाकले.

फोटो तो न्हाणीघरातच धुवायचा. दुसऱ्या दिवशी दोरीवर चिमटे लावून ओले फोटो वाळत घातले होते, आणि पडदेवाली टॉवेल आणायच्या निमित्ताने आत गेली.

पडदेवालीचा जन्म कापडात गेला होता. उजेड कशातून गाळून आलाय ते तिला बघताक्षणी कळायचं. हा उजेड कित्येकदा धुतलेल्या, विरत आलेल्या मलमलीतून आल्यासारखा होता. बाईंच्या मागची खिडकी, कुंड्या, पुस्तकं सगळं विरघळून गोल गोल फिरत होतं. पांढऱ्या केसांच्या कडेने उजेड सांडला होता. सुरकुत्या होत्या, पण कुणी हळूच हात फिरवून बसवल्यासारख्या. आणि डोळे किंचित धूसर. सगळ्या फोटोंत लख्ख काय होतं, तर कान. कानाची पाळी, तिच्यावरचा मोती, मोत्यामागची बारीक लव. एका फोटोत नाही, सगळ्यांतच.

पडदेवाली टॉवेल न घेताच बाहेर आली.

"ही कोण?" संध्याकाळी चहाचा कप त्याच्यासमोर आपटत तिने विचारलं.

"कोण कोण?"

"ही लेन्स. पस्तीसची दीर, पन्नासची नणंद. मग ही कोण?"

त्याने विचार केला. खरंच विचार केला, हेच तिला जास्त लागलं. "हिला अजून नातं सुचलं नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तुरपाईला येणाऱ्या मैत्रिणीला तिने हे सांगितलं. मैत्रीण पडद्याच्या काठाला सुई घालता घालता म्हणाली, "त्यांना सुचत नसेल तर मी सांगते. सवत."

"काहीतरीच बोलू नकोस. बाई त्यांना भाऊ म्हणतात."

"तोंडाने भाऊ म्हणायला काय जातं? फुकटच तर असतं." मैत्रिणीने दोरा दातांनी तोडला. "आणि कान गं? फोटोत डोळे जुळवतात एवढं तर मलाही माहीत आहे. बायकोचा कान आठवतो का त्यांना, विचार."

मैत्रिणीचं बोलणं म्हणजे आगीत तेल. पडदेवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवायला बसल्या बसल्या तिने नवऱ्याला विचारलं, "माझ्या कानात काय आहे, न बघता सांगा."

तो घास घेता घेता थांबला. "का?"

"सांगा."

"कुडी?"

तिच्या कानात काहीच नव्हतं. कुड्यांत दोरे अडकतात म्हणून ती सकाळीच काढून ठेवायची, कितीतरी वर्षं.

मग भांडण झालं. त्याने शपथेवर सांगितलं की तो डोळेच जुळवत होता. ही लेन्स मुळात दुसऱ्याच कारखान्याची, ह्या कॅमेऱ्याशी तिचं पूर्ण जुळत नाही. लेन्सचं तोंड पूर्ण उघडून जवळून काढलं की फोकस चार बोटं मागे पडतो. डोळे जुळवावेत तर कान येतो. "लेन्सचा दोष आहे, माझा नाही!"

"बरी सापडली बिचारी. तिला बोलता येत नाही म्हणून तिच्यावर ढकला," पडदेवाली म्हणाली आणि ताट उचलून निघून गेली.

पण तिच्या हातांना संशयापेक्षा मापाची सवय जास्त. पडदा आखूड झाला असं गिऱ्हाईक म्हणालं की ती वाद घालत नसे, टेप लावत असे. कवळीवाला रसायनं आणायला बाजारात गेलेला बघून तिने कॅमेरा खाली काढला. ती लेन्स हल्ली त्यावरून उतरतच नव्हती. कापड बेतायच्या टेबलावर तिने टेप तिरका अंथरला आणि त्याच्या कडेने दोऱ्याची रिळं उभी केली, पुढून मागे, एकेक बोटाच्या अंतराने. मधलं लाल. इतकी वर्षं बघून बघून तिला सगळं पाठ होतं, फक्त हाताने कधी केलं नव्हतं. खिडकीला डोळा लावला. लाल रिळं दोन दिसली. लेन्स फिरवली तसं एक दुसऱ्याकडे सरकत गेलं, सरकत सरकत पोटात शिरलं, आणि दोन्हींचं एक झालं. तिला उगाचच श्वास रोखून धरावासा वाटला. खटका दाबला. पुन्हा जुळवली, पुन्हा दाबला. कॅमेऱ्यातली फिल्म संपेपर्यंत ती थांबली नाही.

ते सगळं लपून राहणं शक्यच नव्हतं. धुवायचं तर त्यालाच होतं. त्याने फिल्म धुतली, कागदावर ओळीने सगळे लहान फोटो उतरवले आणि ओला कागद तसाच हातात घेऊन पुढच्या खोलीत आला.

"ही रिळं तू काढलीस?"

"काढली. काय म्हणणं आहे?"

"अगं, पण हीच तर पद्धत आहे!" तो रागावला नव्हता, उलट फुलला होता. "तिरकी मांडणी, सारखं अंतर! कुणी शिकवलं तुला?"

"पडद्यांनी. तुम्ही दाखवा ते."

तिने कागद घेतला. लाल रीळ पुसट आलं होतं. त्याच्यामागे चार बोटांवरचं पिवळं लख्ख होतं, त्याच्यावरचा दोऱ्याचा वेढान् वेढा मोजून घ्यावा अशी. म्हणजे नवरा खरं बोलत होता. डोळे जुळवावेत तर कानच येणार. पडदेवालीच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि मैत्रिणीचा राग आला.

"बघ," कवळीवाला म्हणाला, "मी सांगत होतो."

"हो, सांगत होतात. चहा टाकते."

चहा टाकायला ती वळली, आणि कागदाच्या वरच्या ओळी तेव्हा तिला दिसल्या. त्याच फिल्मवर, रिळांच्या आधी, व्हायोलिनबाई होत्या. नव्या. तो पुन्हा वर जाऊन आला होता. चाचणी तर पहिल्याच वेळी झाली होती, मग पुन्हा कशाला गेला, हा प्रश्न तिला नंतर सुचला. आधी तिला दिसले ते डोळे. ह्या वेळी कान पुसट होता आणि डोळे लख्ख. पापणीचे केससुद्धा मोजता येत होते.

"हे कसं जुळलं?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला.

"ते होय!" बिचारा मोठ्या उत्साहाने सांगू लागला. "सोपं नाही हं. डोळे जुळवायचे, मग कॅमेरा तसाच धरून चार बोटं मागे सरायचं. श्वास सोडायचा नाही. जरा हललं की गेलं. अर्धा तास मी भिंतीला पाठ लावून नुसता मागे-पुढे सरत होतो."

"अर्धा तास."

"जास्तच असेल."

तिने चहा टाकला नाही. ज्या चाचणीने तो कानाच्या आरोपातून सुटला होता तिनेच त्याला दुसरीकडे पुरतं अडकवलं होतं. कान लेन्सचा दोष होता. डोळे मात्र त्याने मिळवले होते, श्वास रोखून.

दुपारी तो झोपला तेव्हा तिने कपाटावरून जुन्या चाचण्यांचा पत्र्याचा डबा खाली काढला. पस्तीसच्या, पन्नासच्या, नव्वदच्या, घेतलेल्या, विकलेल्या, परत केलेल्या सगळ्या लेन्सचे फोटो होते त्यात. प्रत्येकात ती होती. केस काळे होते तेव्हापासूनची. चौकटीचं कापड, काचेची बरणी आणि ती. फोटोवर तो लाल पेन्सिलीने गोल करायचा, जिथे लेन्स कशी वागली ते तपासायचं तिथे. तिने एकेक फोटो उजेडात धरला. गोल होता तो कापडाच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर. गोल होता तो बरणीच्या कडेवर. खिडकीच्या गजावर होता. अख्ख्या डब्यात तिच्या चेहऱ्यावर एकही गोल नव्हता.

तो उठून आला तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती आणि भोवती फोटो पसरले होते.

"ह्यात मी कुठे आहे?" ती म्हणाली.

"प्रत्येकातच आहेस की."

"बरणीसुद्धा आहे."

त्याने वाकून एक फोटो उचलला.

"मला त्या बाईंचा राग नाही," ती म्हणाली. ते खोटं होतं, म्हणून तिने दुरुस्त केलं. "आहे, पण ते जाऊ द्या. तुम्ही कुणाला असं बघू शकता हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं ह्यांना कोपरेच आवडतात. माणूस असाच आहे, तर असू दे, म्हणून मी गप्प बसले. आणि आता कळतं की येतं ह्यांना. अर्धा अर्धा तास येतं. फक्त वरच्या मजल्यावर येतं."

कवळीवाला तिच्याशेजारी जमिनीवर बसला. गुडघे कुरकुरले. हातातल्या फोटोची कड तो बोटाने सरळ करू लागला.

"मी बाईंना बघत नव्हतो," तो म्हणाला. "हसू नकोस. मी त्यांच्या नवऱ्याशी शर्यत लावली होती."

"मेलेल्या माणसाशी?"

"हो. त्यांनी मला अल्बम दाखवले. ह्याच लेन्सने काढलेले, त्या माणसाने. तू बघितले असतेस तर... मी पहिल्यांदा वर गेलो, चाचणी झाली, संपलं होतं. पण ते अल्बम बघितले आणि माझं जेवणावरचं लक्ष उडालं. तीच लेन्स, तीच खिडकी, तीच बाई. त्याच्या फोटोत ती जी दिसते ती माझ्या फोटोत येतच नाही. मला वाटलं फोकस चुकतोय म्हणून असेल. फोकस जुळवला, तरी नाही. इतका जळलोय मी त्या माणसावर, तुला काय सांगू! कवळी बसली नाही तर घासून बसवता येते. हे कुठे घासायचं?"

पडदेवालीने त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता, एवढ्या वर्षांनी तेवढं कळत होतं. राग जायला हवा होता. थोडा गेलाही. पण त्या जागी नवाच खडा टोचायला लागला: असं काय होतं त्या फोटोंत?

ती स्वतःच वर गेली. व्हायोलिनबाईंचा एक विद्यार्थी नुकताच गेला होता, खोलीत अजून गजाला लावायच्या राळेचा वास होता. बाईंनी काही न विचारता अल्बम काढून दिले, जणू त्या वाटच बघत होत्या.

पडदेवालीने पानं उलटायला सुरुवात केली आणि मग तिचा हात हळू होत गेला. बाई दारात, केस पुसताना. बाई व्हायोलिनची तार चढवताना, ओठ दातात धरलेला. झोपलेल्या, तोंड किंचित उघडं. काहीतरी सोलताना, कुणावर तरी चिडलेल्या, खिडकीशी नुसत्याच. तरुण, मग मध्यमवयीन, मग पांढऱ्या केसांच्या. कुठेही चौकटीचं कापड नव्हतं, बरणी नव्हती. सगळीकडे एकच बाई, आणि तिच्याकडे बघून पोट न भरलेला कुणीतरी. पडदेवालीला हेवा वाटला. हा हेवा बाईंच्या रूपाचा नव्हता, तरुणपणाचा तर नव्हताच. आयुष्यभर असं बघून घेतलेल्या बाईचा हेवा होता तो, आणि तो उतरवायला काहीच उपाय नव्हता, कारण बघणारा मेला होता आणि आपला नवरा खाली कवळ्यांच्या टेबलाशी बसला होता.

"हेवा वाटतोय?" बाईंनी विचारलं.

"वाटतोय," पडदेवाली म्हणाली. खोटं बोलायची ताकद नव्हती.

"मलाही वाटायचा."

"तुम्हाला? कुणाचा?"

बाईंनी अल्बमवर बोट ठेवलं. "हिचा. फोटोतल्या बाईचा. तिच्याकडे ते जसं बघायचे तसं माझ्याकडे नाही बघितलं कधी. कॅमेरा खाली ठेवला की चष्मा शोधायला लागायचे. हा बघा, हा तापातला. केवढा उजेड आलाय ना कपाळावर? घाम आहे तो. आधी फोटो, मग डॉक्टर." त्यांनी पान उलटलं. "आणि हा भांडणातला. मी माहेरी जाते म्हणून सांगत होते आणि ते म्हणाले, जरा डावीकडे वळ."

पडदेवालीला हसू आलं, मग ते तिने आवरलं, पण बाई स्वतःच हसत होत्या.

"मग तुम्ही आमच्या ह्यांच्याकडून फोटो का काढून घेतलेत?" तिने विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं, निसटून गेलं.

"मला बघायचं होतं, ती बाई लेन्समध्ये होती का." बाईंनी अल्बम मिटला. "तुम्ही सांगा, भाऊंनी काढलेल्या फोटोंत ती आहे?"

पडदेवालीने ते डोळे आठवले. लख्ख, मोजून घ्यावेत असे. एक शिक्षिका, खिडकीशी, चाचणीला बसलेली. "नाही," ती म्हणाली.

"नाही ना? म्हणजे लेन्समध्ये नव्हती. गेली त्यांच्याबरोबर." बाई उठल्या, खिडकीचा पडदा उगाच सारखा केला. त्याचा काठ एका बाजूला उसवला होता, पडदेवालीला तो मघापासून खुपत होता. "आता त्या लेन्सचं मी काय करू? पुतण्या म्हणतो विकून टाक."

"मला द्या," पडदेवाली म्हणाली. "वापरायला. परत देईन."

"भाऊंना हवी आहे का?"

"त्यांना नाही. मला."

"तुम्ही फोटो काढता?"

"रिळांचे काढलेत."

बाईंनी तिला क्षणभर निरखलं. "बरं. तुम्हाला देते. पण भाऊंच्या हातात द्यायची नाही. ते तिच्याशी कुस्ती खेळतात. माझी मान अवघडली होती."

खाली येऊन तिने हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावर, मी साफ केलेली लेन्स, आणि मीच हात लावायचा नाही?"

"बाईंची अट आहे. लेन्स त्यांची."

"मला नाही म्हणाल्या आणि तुला हो?"

"हो."

"तुला लेन्सच्या आतला पडदा कितीवर उघडायचा ते तरी कळतं का?"

"पडद्यातलं मला नका शिकवू," ती म्हणाली.

दोन दिवस तो फुगून बसला. कपाटापाशी जायचा, लेन्सकडे बघायचा, परत यायचा. एकदा "एकच फिल्म मी काढू?" असंही विचारून बघितलं, आणि तिने "नाही" म्हटल्यावर टेबलावरची सगळी हत्यारं उगाचच पुन्हा लावली. पडदेवालीला हे फार गोड लागलं. एवढे दिवस तिनेच एकटीने जळायचं, हा काय न्याय झाला?

शेवटी तिने त्याला दुकानातल्या मोठ्या खिडकीशी बसवलं. खिडकीवर पातळ पडदा ओढला. चौकटीचं कापड काढून टाकलं.

"सरळ बसा. नाही, इतकं सरळ नको. दातांच्या डॉक्टरकडे नाही आलात."

"डायल फिरवताना बोट काचेला लागेल."

"लागत नाहीये."

"पट्टा गळ्यात अडकव ना."

"अडकवलाय. बोलू नका, तोंड हलतं."

तिने कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. दोन नवरे दिसले. दोघांपैकी एकही फारसा देखणा नव्हता. तिने लेन्स फिरवली, दोघे एकमेकांत शिरले, डोळ्यांवर डोळे बसले. मग कॅमेरा तसाच धरून ती चार बोटं मागे सरकली, श्वास रोखून. इस्त्रीचं टेबल पाठीला लागलं तशी थांबली. त्या छोट्या खिडकीत तो एकटा बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिचं बोट खटक्यावर तसंच राहिलं. भुवया थोड्या वर, ओठ विलग, डोळ्यांत केवढी तरी काळजी आणि केवढी तरी माया. असं त्याने तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. लग्न नवं होतं तेव्हाही नाही. तिने खटका दाबला, पुन्हा जुळवलं, पुन्हा दाबला.

फोटो धुऊन झाले. त्यातला एक त्याने मोठा करून दिला. चांगला आला होता. डोळे डोळ्यांच्या जागी होते, कान पुसट होते, खांद्यावरून उजेड सांडत होता. पडदेवालीने तो दुकानात, मशीनच्या वर लावला.

तुरपाईवाली मैत्रीण आली, सुईत दोरा ओवता ओवता वर बघितलं आणि तिचे हात थांबले. "अगं बाई! काय बघतायत गं तुझ्याकडे! आमच्या ह्यांनी असं एकदा जरी बघितलं ना, तर मी जन्मभर तुरपाई करीन." तिने खरंच डोळे पुसले. "सांगू का, मला हेवा वाटतो तुझा."

पडदेवालीने फोटोकडे बघितलं. इतक्या जवळून, इतक्या वेळा बघितल्यावर तिला तो चेहरा आता नीट वाचता येत होता. नवऱ्याची नजर तिच्या डोळ्यांच्या जरा खाली होती, नाकाच्या उंचीवर, जिथे तिने दोन्ही हातांत ती लेन्स धरली होती.

मैत्रिणीला तिने काही सांगितलं नाही. "वाटू दे," असं म्हणाली आणि पायाने मशीन सुरू केलं.